चाळणीखाली

बाबांना खोकला नव्हता. म्हणजे बाबांचं तरी तसं म्हणणं होतं. घरात ठसका लागला की ते आईच्या तव्याकडे बोट दाखवायचे. "मिरच्या भाजतेस की घर पेटवतेस?" आई म्हणायची, "तवा थंड आहे, हात लावून बघा." मग बाबा उठून खिडकी उघडायचे, खिडकी उघडीच असली तर बंद करायचे, आणि विषय तिथंच संपायचा. "कामावर एकदा तरी खोकतो का, विचारा कुणालाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आता विचारणार कुणाला? दगडाच्या कारखान्यात शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, तिथं खोकला कोण ऐकतंय!

धाकटीला ते वाक्य पटत नव्हतं. थोरली लग्न होऊन गेली तेव्हापासून बाबांवर नजर ठेवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. जिना चढताना बाबा मध्येच थांबायचे आणि चपलेत खडा गेल्याचं सोंग करायचे. रोज त्याच पायरीवर कसा जातो खडा? डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "तुझी स्पर्धा होऊ दे, मग बघू." ते कसले बघतायत! धाकटीला त्याचीच काळजी लागून राहिली होती.

स्पर्धा संशोधनाची होती. कॉलेजातल्या मुलांनी गणित वापरून खरंखुरं एखादं कोडं सोडवायचं, आणि परीक्षकांपुढं मांडायचं. गणिताच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या धाकटीनं कोडं घरातूनच उचललं. बाबा दगडी फरश्यांच्या कडा घासायचे, एका मोठ्या फिरत्या चाकावर. चाकाला आतून तडा गेला तर ते चालता चालता फुटतं. ती शाळेत असताना बाबांच्या शेजारचं चाक असंच फुटलं होतं आणि त्यावरच्या कारागिराचा डोळा गेला होता. त्या दिवशी बाबा ताटावरून तसेच उठले होते. तडा जाण्याआधी चाकाचा आवाज बदलत असणार. तो बदल गणितानं आधीच पकडायचा, म्हणजे चाक वेळेत उतरवता येईल. बाबांचे डोळे, बोटं, सगळं शाबूत राहावं, एवढाच त्या पोरीचा हेतू होता. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात हेतूचा काही उपयोग झाला नाही.

तिच्या जोडीला वर्गातला लंबू होता. उंचीनं ताड, आणि संगणकापुढं बसला की तहानभूक विसरणारा. मालकांच्या परवानगीनं दोघांनी बाबांच्या चाकावर एक छोटा मायक्रोफोन टांगला. रोजचं रेकॉर्डिंग बाबा संध्याकाळी जपून घरी आणायचे. लंबूनं एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'चाळणी'. कुठलाही आवाज म्हणजे अनेक साध्या लहरींची बेरीज. चाळणी ती बेरीज फोडायची, चाकाच्या लहरी वर ठेवायची आणि उरलेलं खाली एका फोल्डरमध्ये टाकायची. त्या फोल्डरचं नाव 'कचरा'.

सुरुवातीला मात्र चाळणीचं काही चालेना. धूळ बसावी म्हणून चाकावर वरून पाण्याचा फवारा सुटायचा, आणि त्याच्या फसफसाटात चाकाचा आवाज बुडून जायचा. धाकटी जेवताना बाबांना म्हणाली, "बाबा, तो फवारा सध्या बंद ठेवता येईल का? आलेख नुसता गढूळ येतोय."

"ठेवतो की," बाबा म्हणाले. "त्यात काय एवढं?"

दुसऱ्याच दिवशी आलेख आरशासारखा लख्ख आला. लंबूनं टेबलावर थाप मारली, दोघं पुढच्या कामाला लागले, आणि फवाऱ्याचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही.

एक त्रास तेवढा राहिला. लख्ख आलेखात मधूनच एखादी वेडीवाकडी उसळी यायची, दोन-तीन टोकांची, आणि सगळं गणित बिघडवून जायची. दोघांनी तिचं नाव ठेवलं भुरटा. "आज भुरटा फार माजलाय," लंबू म्हणायचा. "बडव त्याला," धाकटी म्हणायची. चाळणीची भोकं बारीक केली तशी भुरट्याची रवानगी कचऱ्यात झाली, आणि प्रकल्प थेट अंतिम फेरीत पोचला.

या सगळ्या महिन्यांत दोघांनी एक गोष्ट कधीच केली नव्हती. रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. हसू नका. आवाजावर काम करणारी ही हुशार पोरं आवाज फक्त बघत होती. पडद्यावर रेघा यायच्या, रेघांचे आकडे व्हायचे, आकड्यांची समीकरणं. मग कान लावायची गरजच काय?

गरज दाखवून दिली ती त्यांच्या बाईंनी. बाई मितभाषी, पण नाकावरचा चष्मा खाली घेऊन बघायला लागल्या की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. अंतिम फेरीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "जे टाकलंत, ते कसं दिसतं?"

"तो गोंगाट आहे, बाई," लंबू म्हणाला. "कामाचा नाही."

"कामाचा नाही हे कशावरून? खऱ्या गोंगाटाला वळण नसतं. सगळ्या महिन्यांतला कचरा ओळीनं मांडा आणि दाखवा मला वळण नाही ते."

बाईंच्या डोक्यात नसत्या शंका फार, असं पुटपुटत लंबूनं कचरा मांडला. भुरट्याला वळण होतं. सुरुवातीला तो क्वचित यायचा, पुढं वरचेवर, आणि अलीकडं तर तासातासाला. जेवणाच्या सुट्टीत चाक रिकामंच फिरत असलं की तो नसायचा. सुट्टी संपली की परत हजर.

"म्हणजे हा मशीनचा नाही," लंबू म्हणाला. "ऐकून बघू या का?"

प्रयोगशाळेत दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. धाकटीनं हेडफोन कानाला लावले आणि कचऱ्यातली एक फाईल उघडली. पहिल्याच उसळीला तिनं ओळखलं. मिरच्यांचा ठसका नव्हता तो. कोरडा, खोल, पोटापासून ओढून आलेला, आणि शेवटी श्वास मिळवण्यासाठी धडपड. खोकून झाल्यावर बाबा स्वतःशीच "हं" म्हणायचे, तेही होतं. तिनं दुसरी फाईल लावली. मग तिसरी. या माणसाच्या खोकल्याला आपण भुरटा म्हणालो. बडव म्हणालो. तिनं हेडफोन काढून ठेवले आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली. लंबूला काय करावं ते कळेना. तो पंख्याचं बटण चालू-बंद करत उभा राहिला.

संध्याकाळी तिनं बाबांना गच्चीवर नेलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले. बाबांनी डोळे मिटून थोडं ऐकलं.

"चाक चांगलं चाललंय," ते म्हणाले.

"बाबा."

"कामावर प्रत्येकालाच थोडं…"

"फवारा कुठंय, बाबा?" तिनं विचारलं. "मी सांगितल्यानंतरच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये पाणी नाही. शेवटच्या दिवसापर्यंत नाही."

बाबांनी हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळून तिच्या हातात दिली. "तूच म्हणालीस बंद ठेवा."

"सध्या म्हणाले होते मी! थोडे दिवस!"

"बंद ठेवा म्हणालीस. चालू करा कुठं म्हणालीस?" बाबा चिडले नव्हते. खरोखरच समजावून सांगत होते. "मी वाट बघत होतो, कधी सांगतेस म्हणून. मग वाटलं, अजून गरज असेल. पोरीचं काम आपल्यामुळं बिघडायला नको."

मग बाबा पुढं म्हणाले, "हे बघ, तिथं माझं नाव काढू नकोस. खोकणाऱ्या माणसाला चाकावर कुणी उभं करत नाही. आणि मला दुसरं काय येतं?"

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फवारा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः कारखान्यात जाऊन सुरू करवला, आणि पाणी पडताना दिसेपर्यंत तिथून हलली नाही.

अंतिम फेरीला आईबाबा दोघंही आले, इस्त्रीच्या कपड्यांत, मागच्या रांगेत बसले. बाबांनी हातरुमालाची घडी तोंडाशी धरली होती. लंबूनं चाळणी समजावून सांगितली, धाकटीनं समीकरणं मांडली. मध्यंतरी तडा गेल्यामुळं बदलावं लागलेल्या एका चाकाचा धोका त्याच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून चाळणीनं आधीच ओळखून दाखवला, ते बघून सभागृहात कुजबुज झाली. मुख्य परीक्षक पुढं झुकले.

"उत्तम," ते म्हणाले. "कारखान्यातून इतका स्वच्छ आवाज आजवर कुणी आणलेला नाही. कसा मिळवलात?"

उत्तर तयार होतं. चाळणीची बारीक भोकं, तिचं सूत्र, सगळं पुढच्याच पानावर होतं. लंबूनं पान उलटायला हात उचलला. धाकटीनं तो धरला.

"धूळ बसवणारा पाण्याचा फवारा आम्ही बंद करायला लावला," ती म्हणाली. "आणि तो परत चालू करा असं सांगायला विसरलो. म्हणून आवाज स्वच्छ आहे. त्या चाकावरचा माणूस इतके महिने कोरडी धूळ श्वासातून घेत होता. त्याचा खोकलाही आमच्याकडे आहे. तो आम्ही गोंगाट समजून गाळून टाकला."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "त्या माणसाला हे माहीत आहे?"

धाकटी खाली बघत राहिली. नाव काढायचं नव्हतं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. "माहीत आहे," बाबा उभे राहून म्हणाले. "तो मीच. साहेब, पोरीची चूक नाही. ती काय तिथं उभी होती? फवारा माझ्या हातानं मी…"

पुढचं वाक्य आलंच नाही. इतका वेळ दाबून धरलेला खोकला आला, आणि थांबेना. रुमाल खाली पडला. आईनं त्यांना दोन्ही हातांनी धरलं. व्यासपीठावरून उतरून धाकटी धावत गेली. शेवटी बाबा खाली बसले, सगळ्यांकडे बघून ओशाळं हसले, आणि स्वतःशीच "हं" म्हणाले.

बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, लंबूलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आई, बाबा आणि धाकटी डॉक्टरांकडे गेले. या वेळी बाबांनी एकही सबब सांगितली नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे दिव्यासमोर धरला. छातीत धूळ बसली आहे, ते म्हणाले, आणि बरीच. यातली जुनी किती आणि या महिन्यांची किती, हे धाकटीनं विचारलं. ते आता वेगळं काढता येत नाही, डॉक्टर म्हणाले. चाक तर सोडावंच लागेल.

बाबांनी मान हलवली. सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

डॉक्टरांनी लिहायला कागद ओढला. "खोकला कधीपासून आहे?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा नेहमीचं वाक्य बोलणार, असं धाकटीला वाटलं. पण त्यांनी तिच्याकडे हात केला.

"तिला विचारा," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासूनचा तिच्याकडे आहे."