सासूबाईंना सांगू का?

टेलरताईच्या तोंडात टाचण्या नसत्या तर हे घडलंच नसतं. समोर स्टुलावर नर्सबाई उभ्या होत्या, नव्या पँटचा एक पाय दुमडलेला, दुसरा लोंबता. टेलरताई गुडघ्यांवर बसून दुमड टाचत होती, आणि तेवढ्यात कापायच्या टेबलावरचा तिचा फोन वाजला. एरवी ती त्याचा आवाज बंद करून ठेवायची. आज नेमकी विसरली.

फोन कोणाचा, हे तिला न बघताच कळलं. वसुलीवाला! कापडाच्या कडा पक्क्या करणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी तिने कर्ज काढलं होतं, आणि मोठ्या दुकानाने शिवायला कपडे देणं बंद केल्यापासून हप्ते थकले होते. कर्जाचं तिला भय नव्हतं. फेडायची दानत होती, हातात पुन्हा काम येऊ लागलं होतं. कंपनीच्याच कागदांमागे छापलेले नियमही तिने वाचले होते. धमकी द्यायची नाही, भलत्या वेळी फोन करायचा नाही, तिसऱ्यापाशी कर्जाची वाच्यता करायची नाही, कोर्टाच्या हुकुमाशिवाय मशीनला हात लावायचा नाही. सगळं तोंडपाठ. पण वसुलीवाल्याने "सासूबाईंना सांगू का?" एवढं म्हटलं की तिची बोलती बंद व्हायची. कारण मशीन माझ्या साठवलेल्या पैशांचं आहे, असं तिनेच सासूबाईंना ऐटीत सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नात्यागोत्यात मिरवलं होतं. नवऱ्याला खरं ठाऊक होतं, पण आईसमोर त्याची दातखीळ बसायची. त्याचा काही उपयोग नव्हता.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. वाजत राहिलेला फोन त्यांना सहन होत नसे. तान्हं बाळ रडतंय आणि कोणी उचलत नाही, असं त्यांना व्हायचं. टेबलाशी बसून काजं करता करता त्यांनी फोनकडे हात लांब केला. टेलरताईने "अं! अं!" केलं, पण दातांत टाचण्या धरून माणूस याहून जास्त काय ओरडणार? सासूबाईंचे कान जरा मंद झाले होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"हॅलो, बोला."

त्यांचे केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज नोकरीला लागल्या दिवशीचाच राहिला होता. फोनवर त्या पंचविशीच्या वाटत. वसुलीवाल्यालाही वाटल्या.

"काय मॅडम, आज बरा उचललात! हे बघा, संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर माणसं पाठवून मशीन उचलतो. आणि सासूबाईंना सांगू का, सूनबाईंनी मशीन कर्ज काढून आणलंय म्हणून? सांगू का?"

नर्सबाईंनी अर्धवट पँट सावरली. सासूबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"आपलं नाव?"

त्याने सांगितलं. मग कंपनी, मग ऑफिसचा नंबर. असा आवाज विचारायला लागला की माणूस सांगत सुटतो. सासूबाईंनी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. एक्स्चेंजची रीतच ती.

"आता निरोप परत म्हणते. पैसे आले नाहीत तर माणसं पाठवून मशीन उचलणार, आणि सासूला कर्जाचं सांगणार. बरोबर?"

"बरोबर," तो जरा चाचरत म्हणाला.

"निरोप पोचला. मीच सासू."

सासूबाई तिथेच थांबल्या नाहीत.

"कोण बोलतंय हे न विचारता तुम्ही दुसऱ्याचं कर्ज चव्हाट्यावर मांडलंत. इथे आणखी एक बाई आहेत, त्यांनीही ऐकलं."

"शब्द न् शब्द ऐकला," नर्सबाई स्टुलावरून ठणकावून म्हणाल्या.

फोन कट झाला. टेलरताईने एकेक टाचणी काढून उशीला टोचली. शेवटची टोचूनही मान वर करायचा धीर होईना.

"आई, मी..."

"कर्जाचं काही नाही गं. कर्ज मीही काढलंय, फेडलंय. पण तू माझ्याशी खोटं बोललीस, ते लागलं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले.

"चुकलं माझं. तुमच्या नजरेत मोठं व्हायचं होतं."

"मशीन तू चालवतेस ते मी रोज बघते. आणखी काय बघायचं होतं मला?"

टेलरताईला रडू फुटलं. लाज वाटत होती, आणि इतकं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. नर्सबाई भिंतीवरच्या धाग्यांच्या रिळांकडे बघत राहिल्या.

फोन पुन्हा वाजला. तोच नंबर. सासूबाईंचा हात सवयीने पुढे गेला, मग त्यांनी तो आवरला. त्यांना ते किती जड गेलं, हे तोंडावर दिसत होतं.

"तुझा आहे. घे."

टेलरताईने पदराने डोळे पुसले, उभी राहिली आणि फोन घेतला.

"मी बोलतेय. पैसे बुडवणार नाही. थकबाकीचा हिशेब लेखी पाठवा, म्हणजे मला दरमहा किती झेपेल ते मीही लेखी कळवते. मशीन कोर्टाच्या हुकुमाशिवाय हलणार नाही. आणि माझ्या घरच्यांशी पुन्हा बोललात, तर तुमचं नाव आणि नंबर घेऊन मी तुमच्या कंपनीत तक्रार करीन."

"मॅडम... तुमचा आवाज आज वेगळा येतोय," वसुलीवाला गोंधळून म्हणाला. "नक्की तुम्हीच ना?"

"हो, मीच," ती म्हणाली. "आजवर तुम्ही तो ऐकलाच नव्हता."