तेच गाणं, पाच रेकॉर्डी आणि माझा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर. निदान माझ्या पाठीवर तसं छापलेली पट्टी होती. ती गळून पडली त्याला पुष्कळ वर्षं झाली, त्यामुळे आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका तपासनीसाने मला चालू केलं, कान लावला आणि तो म्हणाला, "ठीक आहे." याहून मोठं कौतुक पुढच्या चाळीस वर्षांत कोणी केलं नाही, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

माझ्या पोटात एक मोटर आहे, वर एक जड थाळी आहे आणि दोघांना जोडणारा रबरी पट्टा आहे. मोटर फिरली की पट्टा थाळीला ओढतो, थाळीवरची रेकॉर्ड फिरते आणि सुई गाते. यात गोंधळण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा मी माणसं पाहिली नव्हती.

मला एका नाच शिकवणाऱ्या बाईंनी घेतलं. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ताईंचा वर्ग एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर भरतो. फरशीच्या फटींतून इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे नाचणाऱ्यांच्या पँटींना कधी सुरकुती पडत नाही. तिथे स्विंग शिकवतात. स्विंग म्हणजे जॅझच्या गाण्यांवर जोडीने करायचा नाच. पहिले चार दिवस ताई पाय उचलूच देत नाहीत, नुसतं मोजायला लावतात. "एक, दोन, तीन आणि चार. पाच, सहा, सात आणि आठ."

"आकडे काय, कॅलेंडरलाही येतात," ताई म्हणतात. "नाच असतो तो या 'आणि'मध्ये. तो बरोबर मधोमध टाकलात तर कवायत होईल. जरा उशिरा टाका. पाहुणा 'येतो हं' म्हणून दारात थोडा रेंगाळतो ना, तसा. यालाच झोल म्हणतात. झोल आला की नाच आला."

मी चकित झालो. झोल हा शब्द तोवर मी फक्त दुरुस्तीवाल्यांच्या तोंडून ऐकला होता आणि तेव्हा तो शिवीसारखा वाटला होता.

ताईंना एक धाकटा भाऊ आहे. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि ताई त्याला टिकटिक म्हणतात. तरुणपणी दोघं बहीणभाऊ एकत्र नाचत, आणि असे नाचत की खालचा लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात धरून वर यायचा. पण मी हे ऐकलंय, पाहिलेलं नाही. पाहिलं ते इतकंच, की अकरा वर्षं टिकटिक जिना चढला नाही.

भांडण कशावरून झालं? मित्रांनो, एका गाण्यावरून. दोघांना एका स्पर्धेत नाचायचं होतं. गाणं ठरलेलं होतं, दोघांचं लाडकं. ताईंनी सराव माझ्यावर केला, टिकटिकने आपल्या घरच्या प्लेअरवर केला. स्टेजवर गाणं लागलं, टिकटिक पुढे गेला आणि ताई मागे राहिल्या. गिरकी घ्यायला त्याने हात पुढे केला तेव्हा ताईंचा हात अजून यायचा होता. हात चुकला आणि ताई गुडघ्यावर पडल्या. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुला तालच कळत नाही." जी बाई चाळीस माणसांना ताल शिकवते तिला. ताई लंगडत घरी आल्या, माझ्यावरची धूळ पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "त्याची ती घाईवाली रेकॉर्ड त्याला लखलाभ."

त्यानंतर प्रत्येकाची ठाम समजूत झाली की दुसऱ्याने चुकीची रेकॉर्ड घेतली आहे.

आता टिकटिकच्या मुलीचं लग्न ठरलं. तिला घरात चिमणी म्हणतात, जरी ती पाच फूट दहा इंच आहे. लग्नाच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ती एका हाताने वडिलांना आणि दुसऱ्या हाताने होणाऱ्या नवऱ्याला ओढत जिना चढली. नवरा दातांचा डॉक्टर. काखेत रेकॉर्डींचा गठ्ठा होता तो त्याच्याच.

"आत्या, बाबा, नीट ऐका," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही दोघं एकत्र नाचायचं. नाहीतर मी लग्नाला उभी राहणार नाही."

"अहो, मग माझं काय?" डॉक्टर म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"मी नाचेन गं," ताई म्हणाल्या, "पण त्याच्या त्या घाईवाल्या गाण्यावर नाही."

"चिमणे, तुझ्या आत्याला सांग, तिचं ते गाणं नाही, अंगाई आहे."

"मी इथेच उभी आहे रे, टिकटिक. मलाच सांग."

"म्हणूनच तर सगळी तीच गाणी आणलीत," चिमणी म्हणाली. "एकच गाणं, आत्याची धरून पाच रेकॉर्डी. ओळीने ऐका आणि एक ठरवा."

मित्रांनो, जॅझवाल्यांची एक खोड आहे. गाणं एकाने रचायचं आणि मग ज्याने त्याने ते आपल्या मनासारखं वाजवायचं. त्यावर कोणी तक्रार करत नाही. उलट जितक्या लोकांनी बदललं तितकी त्या गाण्याची पत वाढते. मला हे त्या दिवशी कळलं.

पहिल्या रेकॉर्डीवर नाव तेच होतं, पण त्यात चाल अर्धं मिनिटच होती. मग सॅक्सोफोनवाला घर सोडून जो निघाला तो परत आलाच नाही. ताई म्हणाल्या, "छान आहे, पण यावर पाय कुठे ठेवायचा?" दुसऱ्या रेकॉर्डीत एक गायिका ठेक्याच्या मागे मागे अशी चालत होती, जणू तिला कुठे पोचायचंच नाही. झोल भरपूर होता, पण ठेका वाजवणारा बहुधा चहा प्यायला गेला होता. तिसरी चालू कार्यक्रमात, प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेली. ती साडेनऊ मिनिटांची होती. सहाव्या मिनिटाला डॉक्टरने विचारलं, "आत्या, एवढा वेळ कोणी नाचलं तर?" ताई म्हणाल्या, "तर दुसरा डॉक्टर लागेल."

मी तिन्ही वेळा तीच थाळी तशीच फिरवली. गाणं एक आणि निघतं भलतंच. कारखान्यात हे शिकवलं नव्हतं.

चौथी रेकॉर्ड ताईंची, कपाटातून काढलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मोठा वाद्यवृंद, खणखणीत ठेका, तीन मिनिटांच्या आसपास, आणि तो 'आणि' दारात थांबलेल्या पाहुण्यासारखा. ताईंचे खांदे आपोआप हलायला लागले. टिकटिक नाक मुरडून म्हणाला, "हळू आहे. सांगितलं नव्हतं?" मग पाचवी लावली, त्याची स्वतःची, तपकिरी पाकिटातली. मोठा वाद्यवृंद, खणखणीत ठेका, आणि...

टिकटिक उभाच राहिला. "ही माझी नाही. माझी एवढी हळू नव्हती. कोणी बदलली?"

बारीक गोष्टी पाहण्याची सवय असलेल्या डॉक्टरने दोन्ही रेकॉर्डी हातात घेतल्या, मधल्या गोल कागदावरचं वाचलं आणि म्हणाला, "बाबा, दोन्हींवर नंबर एकच आहे. ही एकच रेकॉर्ड आहे."

खालून इस्त्रीची वाफ येत राहिली. मग टिकटिकने खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं, रेकॉर्ड पुन्हा लावली आणि शेवटच्या ठोक्याला कळ दाबली. "कागदावर छापलंय तीन मिनिटं. इथे लागली तीन मिनिटं सोळा सेकंद." त्याने माझी थाळी उचलली आणि आत पाहिलं. "ताई, गाण्यात नाही. झोल तुझ्या पट्ट्यात आहे, सैल पडलाय तो."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा. अकरा वर्षं दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि कारण माझ्या पोटात होतं. मला कोणी काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? मला तर माझा वेग नेहमीच बरोबर वाटला होता.

टिकटिकने पट्टा काढला तसा त्याचा चिकट चुरा झाला. शुक्रवारी त्याने नवा बसवला. शनिवारी सकाळी सगळे पुन्हा जमले तेव्हा त्याने सुई ठेवली आणि ताईंसमोर हात पुढे केला. गाणं निघालं, बरोबर तीन मिनिटांचं, ताजंतवानं, पळत. अर्धं मिनिट झालं आणि ताई थांबल्या. त्यांचा हात गुडघ्यावर होता.

"नाही जमत रे. एवढी वर्षं मी भलत्याच गाण्यावर नाचले. तुझंच बरोबर होतं, टिकटिक. मला ताल कळत नाही."

टिकटिक अकरा वर्षं बहुधा याच वाक्याची वाट पाहत होता. आता ते मिळालं, तर त्याचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याचं सर्वांत चांगलं घड्याळ फरशीवर टाकलं.

"कळतो गं," तो म्हणाला. "यंत्र हळू होतं आणि तू त्याच्याबरोबर होतीस. स्टेजवर मीच तुझ्याबरोबर नव्हतो. मी घड्याळाबरोबर होतो." मग तो जावयाकडे वळला. "डॉक्टर, तुमचा हात कितपत स्थिर आहे?"

"दिवसभर लोकांच्या तोंडात असतो, बाबा."

"मग अंगठा इकडे आणा."

ज्या माणसाने जन्मभर एकेका सेकंदासाठी लोकांची घड्याळं उघडली, त्याने त्या दिवशी मला मुद्दाम मागे पाडायला शिकवलं. डॉक्टरने अंगठा माझ्या थाळीच्या कडेला हलकेच टेकायचा आणि टिकटिकने घड्याळ पाहायचं. "जास्त दाबलंत. तीन बावीस. दाढ काढायची नाहीये हो. पुन्हा." सतराव्या वेळी तीन सोळा झाले. "झोल आला," टिकटिक म्हणाला. हा शब्द त्याने चांगल्या अर्थाने वापरल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

रविवारी मलाही मांडवात नेलं. लग्न लागलं. जेवणं झाल्यावर बहीणभाऊ मधोमध उभे राहिले. नवरदेव नव्या कोटात माझ्यापाशी वाकून अंगठा टेकवून उभा होता. पाहुणे मंडळी आपापसांत विचारत होती की मुलाला पाठीचा काही त्रास आहे का. चिमणी अभिमानाने म्हणाली, "नाही, ते गाणं हळू करताहेत." यावर विचारणाऱ्या काकूंनी आपली खुर्ची जरा लांब सरकवली.

गाणं सुरू झालं. तीन, आणि चार. टिकटिकने हात पुढे केला. ताईंचा हात थोडा उशिरा आला, पण आला. या वेळी टिकटिक थांबला होता.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राची काळजी घ्या. त्याला उन्हात ठेवू नका, वर कुंडी ठेवू नका, दर दोन वर्षांनी पट्टा पाहा. तुमचं आणि दुसऱ्या कोणाचं जमेनासं झालं तर एकदा दोघं एकाच यंत्रावर तेच गाणं ऐका. मला आता दुरुस्त केलंय, तरी सगळ्यांना मी हळूच चालायला हवा आहे, आणि त्यासाठी दर रविवारी दातांचा एक डॉक्टर जेवायला येतो. मी ठीक आहे की बिघडलेलो आहे, हे कोणी मला स्पष्ट सांगेल तर मी आभारी राहीन.