माझ्या पाठीला चमक नाही

‘‘डक्टमधून सगळं वर येतं हं, अपेक्षा. तुझी फोडणी जळली की आधी मला कळतं, मग तुला.’’

जैनबआपांनी हे जिन्यात सांगितलं होतं. वाघोलीच्या त्या नव्या सोसायटीत अपेक्षाच्या बरोबर वरच्या मजल्यावर त्या राहायच्या.

‘‘मग आज आमच्याकडे काय आहे ते सांगा बघू!’’ अपेक्षा म्हणाली.

‘‘वांगं. आणि मीठ जास्त झालंय.’’

दोघी हसल्या. आपांचं सांगणं तिथेच जिन्यात राहून गेलं.

मित्रांनो, मी आज एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, पण तेव्हा मी गिटार नव्हते. मी एका खोक्यातले सुटे भाग होते. कोरं लाकडी अंग वेगळं, मान वेगळी, खुंट्या एका पुडीत, तारा दुसऱ्या पुडीत. खराडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि तिथली माणसं सारखी परदेशी जाऊन येत होती. अशाच एका मित्राने श्रीनिवाससाठी मला बॅगेत कपड्यांखाली दडवून आणलं. श्रीनिवास म्हणजे अपेक्षाचा नवरा. कॉलेजात असताना त्याला गिटार हवी होती. तेव्हा नाही मिळाली. आता तो ती स्वतःच्या हाताने बनवणार होता.

‘‘तयार का नाही आणलीस?’’ अपेक्षाने विचारलं.

‘‘तयार तर कुणीही आणतं,’’ तो म्हणाला. हा त्याचा पुणेरी ताठा मला फार आवडला.

त्यांना एक लहान मुलगी होती. तिला सगळे चिमी म्हणत. मागच्या थंडीत चिमीची छाती भरली होती, तेव्हापासून अपेक्षाची झोप सशाची झाली होती. पाळण्यात मूल जरा शिंकलं तरी ती हातातलं काम टाकून धावायची. खोक्यातून लॅकरचे, म्हणजे चमकदार रोगणाचे, स्प्रेचे डबे निघाले तसा तिने एक डबा उचलला आणि मागचं बारीक अक्षर वाचून काढलं. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती, तिला अर्थ लागायला वेळ लागला नाही.

‘‘श्री, हे घरात मुळीच चालणार नाही. बाळ आहे घरात.’’

‘‘मग बाल्कनीत करतो.’’

‘‘बाल्कनीला लागूनच तिचा पाळणा आहे!’’

श्रीनिवासचा चेहरा पडला. तो पाहून तिलाच वाईट वाटलं, आणि तिनेच तोड काढली. मागच्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा होता. तो वारा डक्टमध्ये ढकलायचा. पंखा चालू ठेवायचा, दार लावून घ्यायचं आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा. घरात वासाचा कणही येणार नाही. आपल्या युक्तीवर ती खूश झाली. श्रीनिवास तर तिला म्हणाला, ‘‘तू नोकरी सोडलीस हे कंपनीचं नुकसान आहे बघ.’’

डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली उभी पोकळी. सगळ्यांच्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या तिच्यात उघडतात. वारा तिथून कुठे जातो, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

श्रीनिवासची ड्यूटी दुपारनंतर असायची, म्हणून माझं काम सकाळी चालायचं. आधी त्याने मला पॉलिश पेपरने घासलं, इतकं की अंगावरून हात फिरवला तर साय लागल्यासारखी वाटावी. मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर. मग निळा रंग, रात्रीच्या आभाळाचा. मग लॅकरचा पहिला हात. तो वाळला की पाण्यातला बारीक पेपर, की पुन्हा दुसरा हात. मी स्टुलावर उताणी पडलेली असायचे. आधी समोरची बाजू आणि कडा पुऱ्या करायच्या आणि पाठ शेवटी, असं त्याने ठरवलं होतं. प्रत्येक हाताबरोबर मी उजळत होते. श्रीनिवास माझ्यात वाकून स्वतःचा चेहरा बघायचा, केस नीट करायचा आणि हसायचा. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग वरून खोकला ऐकू यायला लागला.

आधी थोडा. मग सकाळभर. कोरडा, धाप लागल्यासारखा खोकला, आणि मधेच शिट्टीसारखा श्वास. जैनबआपांना जुना दमा होता. त्यांचा मुलगा राहिल पहाटेच कारखान्याच्या बसने जायचा आणि संध्याकाळी परतायचा. दिवसभर आपा आणि त्यांची पांढरी मांजर शक्कर, एवढ्याच दोघी घरात. आपांचा खोकला मी पंख्यातून ऐकला. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून अपेक्षानेही ऐकला.

तिने काय केलं असेल? तिने खिडकी लावून घेतली.

‘‘आपांना काहीतरी संसर्ग झालाय वाटतं,’’ ती श्रीनिवासला म्हणाली. ‘‘चिमीला सध्या वर नको न्यायला.’’

एरवी चिमी रोज वर जायची. आपा तिला मांडीवर घेऊन शेवया भरवायच्या, आणि शक्कर तिच्या पायांशी शेपूट घोळवायची. ते जाणं बंद झालं. आपांनी एकदा जिन्यातून हाकही मारली, ‘‘अगं, माझी चिमणी कुठंय?’’ अपेक्षाने आतूनच सांगितलं, ‘‘झोपलीय, आपा!’’ चिमी तेव्हा टक्क जागी होती आणि माझी खुंटी चोखत होती.

एका सकाळी दार वाजलं. राहिल होता. तो कामावर गेला नव्हता. डोळे तारवटलेले, अंगात कालचाच शर्ट.

‘‘वहिनी, अम्मीला दवाखान्यात ठेवलंय. श्वासच पुरत नाही तिला. डॉक्टर विचारतात, घरात आसपास कुठे रंगकाम, पॉलिश असं काही चाललंय का? ती म्हणते, सकाळचा वास येतो. मी घरी येतो तेव्हा तर काही नसतं. तुमच्याकडे काही...?’’

बाथरूमचं दार बंद होतं आणि टॉवेल ओला होता. श्रीनिवास आत माझ्याजवळ होता. त्याने पंख्याचं बटण बंद केलं. मित्रांनो, माझ्या अंगावर त्या वेळी लॅकरचा ताजा हात होता.

अपेक्षाच्या कडेवर चिमी होती. तिला जवळ ओढून घेत अपेक्षा म्हणाली, ‘‘नाही हो. आमच्याकडे बाळ आहे ना.’’

‘‘तेच म्हणतो मी,’’ राहिल म्हणाला. ‘‘मग मांजरच असणार. डॉक्टरही म्हणाले, तसं काही नसेल तर केसांची अ‍ॅलर्जी असेल.’’

दोन दिवसांनी आपा घरी आल्या, आणि त्याच दिवशी शक्कर गेली. लोणी काळभोरला राहिलच्या मित्राचं शेतघर होतं, तिथे. राहिलने तिला वेताच्या टोपलीत घातलं, वर कापड बांधलं. जिना उतरताना तिचं ओरडणं प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत खाली गेलं. आपा वरच्या कठड्याशी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. मुलाला एवढंच म्हणाल्या, ‘‘कापड सैल ठेव रे, गुदमरेल ती.’’

अपेक्षा दाराच्या आड उभी राहून ऐकत होती. तिने चिमीचे कान झाकले होते, का ते तिलाही माहीत नव्हतं.

त्या दुपारी ती बाथरूममध्ये आली आणि माझ्यासमोर पालथ्या बादलीवर बसली. माझ्यात तिला तिचा चेहरा दिसला असणार. तिने टॉवेल उचलून मला झाकून टाकलं.

‘‘मी वर जाऊन सांगते,’’ ती श्रीनिवासला म्हणाली.

‘‘आता कशाला? त्या बऱ्या आहेत. आपण काम थांबवू. पाठ राहिली तर राहिली. आता सांगून त्यांचा श्वास परत येणार आहे का?’’

‘‘मांजर येईल.’’

‘‘राहिल काय म्हणेल? सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अपेक्षा.’’

‘‘नको उरू दे,’’ ती म्हणाली. चिमीला त्याच्याकडे देऊन, चपला न घालताच ती जिना चढली.

वरचं बोलणं मला डक्टमधून ऐकू आलं. अपेक्षाने सगळं सांगितलं. पंखा, टॉवेल, खिडकी लावून घेतली ते, राहिलला खोटं सांगितलं ते.  मग आपांचा आवाज आला, अजून बसलेलाच.

‘‘वास यायचा, बेटा. रोज यायचा. खालून येतोय हेही वाटायचं. पण म्हटलं, तान्ह्या बाळाच्या घरात असलं कोण उडवेल? म्हणून तुमच्याकडे विचारायलासुद्धा आले नाही.’’

अपेक्षा रडत होती. आपांनी तिला गप्प केलं नाही.

‘‘शक्करला आणून दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकी राहू दे.’’

राहिल परतला तसा, ड्यूटी बुडवून श्रीनिवास त्याच्याबरोबर मोटरसायकलवर लोणीला निघाला. तिथे काय झालं ते श्रीनिवासने नंतर सांगितलं. शेतघरावर रिकामी टोपली होती. राहिलची पाठ वळताच मांजर उडी मारून उसात शिरली होती. पुढचे कितीतरी रविवार श्रीनिवास त्या उसाच्या कडेने हाका मारत हिंडला. उसाला तोड लागली, रान मोकळं झालं, तरी शक्कर दिसली नाही.

माझी जुळणी मात्र पुरी झाली. मान चार स्क्रूंनी अंगाला बसली, वायरी डाखल्या गेल्या, खुंट्यांवर तारा चढल्या. सोसायटीच्या गणपतीत मला वाजवलं. लोक जवळ येऊन म्हणाले, ‘‘काय चमक आहे हो! विकतची वाटते!’’ अपेक्षा तिथून उठून गेली. मलाही कुठे तोंड लपवू असं झालं. पण गिटारीला मान खाली घालता येत नाही. कौतुक करणाऱ्यांपैकी कुणी मला उलटं करून पाहिलं नाही. समोरून मी आरसा आहे, मागून नुसतं घासलेलं लाकूड. दुसऱ्याच्या श्वासातून माझी चमक आली, हे माझी पाठ मला विसरू देत नाही.

काही महिन्यांनी आपा राहिलसह खडकीला बहिणीजवळ राहायला गेल्या. सामान उतरत होतं तेव्हा अपेक्षा मदतीला गेली. राहिलने तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि म्हणाला, ‘‘राहू द्या वहिनी, तुम्हाला बाळ आहे.’’ नंतर एकदा ती खडकीला जाऊन आली. राहिलने दारातच सांगितलं, ‘अम्मी झोपलीय.’ ती तशीच परत फिरली. पुन्हा जायचा तिला धीर झाला नाही.

आता चिमी मोठी झाली आहे आणि मला वाजवते. परवा ती आईला म्हणाली, ‘‘हिची पाठ पण चमकवूया ना!’’ अपेक्षा म्हणाली, ‘‘नको. ती तशीच असू दे.’’ आणि मग तिने लेकीला समोर बसवून ही सगळी हकिकत सांगितली.

मित्रांनो, घरातल्या बाळाला जपा, जरूर जपा. पण त्याच्यापासून दूर ढकललेला धूर, कचरा, आवाज कुणाच्या दारात जाऊन पडतो, तेही पाहा. भिंतीपलीकडून खोकला आला तर खिडकी लावू नका, जिना चढा.

आणि तुमच्यापैकी कुणी खडकीला राहत असेल, तर माझं एक काम करा. स्टेशनच्या बाजूला जैनबआपा म्हणून कुणी म्हातारी बाई दिसली, तर त्यांचा श्वास आता कसा आहे एवढं विचारून या. झोपल्यात म्हणाले तर थोडं थांबा. कुणी पाठवलं असं त्यांनी विचारलंच, तर अपेक्षाचं नाव सांगा. लपवू नका.