चार खाचांचा ओंडका

मी एक जुना ओंडका आहे, मित्रांनो. फणसाचा. आणि पहिलंच सांगून ठेवतो, डोळेबिळे पुसायचे नाहीत. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी हमखास रडतात म्हणे. मी त्यातला नव्हे. माझ्या अंगावरून आयुष्यभर इतकं पाणी वाहिलंय, की स्वतःचं काढायची वेळच आली नाही.

बाली बेटावर बातुलुम्बुंग नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला भाताच्या शेतांचा मोठा पाट येतो, आणि तो जिथं फुटतो तिथं मी आडवा पडलेलो असतो. आळशी म्हणून नव्हे, तेच माझं काम आहे. माझ्या पाठीवर चार खाचा आहेत. एकेका खाचेतून एकेकाचं पाणी जातं. पहिली खाच पान सेन्तीरच्या शेताची, दुसरी मेन रिन्तीची, उरलेल्या दोन खालच्या शेतांच्या. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बापाला पान आणि आईला मेन म्हणतात, आणि पुढं त्या लेकराचं नाव जोडतात. म्हणजे रिन्तीची आई ती मेन रिन्ती. तिचं स्वतःचं नाव आता तिलाही आठवायला वेळ लागेल.

माझा जन्म तिच्याच सासऱ्याच्या अंगणातला. मला तोडलं तेव्हा अर्धा दिवस भांडणात गेला. खाच चार बोटं खोल करायची हे ठरलं, पण बोटं कोणाची? एकाची बोटं केळ्यासारखी, दुसऱ्याची काडीसारखी. शेवटी पुजाऱ्याच्या बोटांनी मोजून बांबूची एक काडी तोडली, आणि ती पाटाशेजारच्या छोट्या दगडी देवळात ठेवली. ती काडी अजून तिथंच आहे. लक्षात ठेवा तिला, पुढं लागणार आहे.

आमच्याकडे पाण्याची पंचायत असते. तिचा पाटकरी म्हणजे पान तिलेम. कानानं थोडा कमी, पण सोयीनं. त्याच्याशिवाय माझ्या खाचेला कोणी हात लावायचा नाही. लावायचा तो सगळ्यांना बोलावून, नारळाच्या पानाच्या परडीत फुलं ठेवून, दिवस बघून. कापणी झाली की पहिली परडी माझ्यापुढं यायची. बायका माझ्यावर बसून पाय धुवायच्या आणि सासूला शिव्या द्यायच्या. सगळ्या गावाच्या सासवा मला तोंडपाठ आहेत.

मग जमिनीचे दलाल आले.

आमच्यातलाच एक, कोमांग दार्सा. बारा वर्षांचा असताना शहरात गेला, तो परत आला काळा चष्मा घालून. त्यानं पान सेन्तीरचं शेत तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. शहरातले, परदेशातले लोक पैसे घालणार आणि तिथं व्हिला उभे राहणार. पान सेन्तीरनं पैशातून घराला नवं छप्पर घातलं, एक स्कूटर घेतली, पोरीचं लग्न केलं. आता तो त्याच जमिनीवर, नमुना म्हणून बांधलेल्या पहिल्या व्हिलाचं अंगण झाडतो. मी हसलो नाही. त्याला हसणारा मी कोण? नियमाप्रमाणे त्याची खाच मात्र चिखलानं बुजवली. भात नाही तर पाणी नाही.

पण कोमांगचं गाडं मेन रिन्तीपाशी अडलं. तिचं शेत व्हिला आणि नदीची दरी यांच्या बरोबर मध्ये. पुढचे आठ व्हिला तिथं बसायचे होते. तो रोज यायचा, माझ्यावर पाय ठेवून उभा राहायचा.

"मेमे, तीसच वर्षं गं. नंतर जमीन तुझीच." मेमे म्हणजे आई. गोड बोलायचं असलं की तो मेमे म्हणायचा.

"तीस वर्षांनी मी किती वर्षांची होईन रे कोमांग?"

"असशील की नव्वदीची."

"मग नव्वदीत नांगर धरू? तूच धर की तेव्हा. चष्मा काढून."

"रिन्तीला विचार तरी. ती जहाजावर लोकांच्या चादरी धुते."

"रिन्ती म्हणाली, चादरी धुवून पुरे झालं की मी परत येणार आहे. शेत असलं तर येईल ना? तुझ्या व्हिलात कोण झोपवणारे तिला?"

तो माझ्यावर टाच आपटून म्हणाला, "आणि हे लाकूड तर आधी काढणार. लोखंडी दार बसवू. हिरवी झालेली घाण आहे नुसती."

घाण! मित्रांनो, मी शेवाळलो होतो हे खरंय. साफ करायला येणारे हात कमी झाले होते. पण त्याच्या टाचेखालीही मी एक थेंब इकडचा तिकडे केला नाही. त्याची टाच मात्र मी लक्षात ठेवली.

न्येपी आली. आमचं नवं वर्ष सुरू होतं ते अशा एका दिवसानं, की त्या दिवशी कोणी बोलायचं नाही, चूल पेटवायची नाही, घराबाहेर पडायचं नाही. विमानंसुद्धा उतरत नाहीत. पहारेकरी फक्त गल्ल्यांमधून फिरतात, शेताकडे कोण येतंय? कोमांगनं हाच दिवस पकडला. दुसऱ्या दिवशी पैसे घालणारे पाहुणे यायचे होते, त्यांना पुढची जमीनही मिळतेच आहे असं सांगायचं होतं. मेन रिन्तीची रोपं लावून बारा दिवस झाले होते, कोवळी होती, आणि आठवडाभर पाऊस नव्हता. चार दिवस पाणी तोडलं की म्हातारी सही करेल असा त्याचा हिशेब.

दुपारी तो वाकत वाकत आला. पान सेन्तीरच्या बुजवलेल्या खाचेतला चिखल उपसला आणि करवत लावली. खर्र, खर्र. दुखलं का म्हणून विचारू नका. दुखलं. खाच चाराची आठ बोटं खोल झाली, आणि सगळं पाणी तिकडे धावलं. पाण्याचा काय दोष, खोल मिळेल तिकडे ते जाणारच. मेन रिन्तीच्या खाचेत थेंब उरला नाही, खालच्या दोन्ही खाचाही सुकल्या. तो हसत हसत करवत घेऊन गेला.

पण शहाणा दोन गोष्टी विसरला होता. पहिली, पान सेन्तीरच्या शेतातून पाणी खाली जायचा जुना चर. व्हिलापर्यंत गाडी जावी म्हणून तो त्यानंच सहा महिन्यांपूर्वी दगड टाकून बुजवला होता. दुसरी सांगतो नंतर.

सकाळी न्येपी सुटली. त्या दिवशी आमच्यात घरोघरी जाऊन, वर्षभरात चुकलंमाकलं असेल तर माफी मागतात. मेन रिन्ती उजाडताच माझ्यापाशी आली. खाच बघितली, बोट घालून बघितलं, आपल्या सुकलेल्या शेताकडे बघितलं. रोपं माना टाकायला लागली होती. तिचा हात चिखलाच्या ढेकळाकडे गेला आणि थांबला. हात लावायचा नाही, नियम म्हणजे नियम. मग तिनं व्हिलाकडे बघितलं, आणि मित्रांनो, ती म्हातारी अशी हसली म्हणता!

घरी गेली, आपली चाळीस बदकं घेऊन आली आणि पांढरं फडकं बांधलेली काठीही. आमची बदकं त्या काठीशी इमान राखतात. काठी रोवली की दिवसभर तिथून हलायची नाहीत. तिनं ती काठी नेऊन रोवली थेट व्हिलाच्या दारात.

दहा वाजता गाडी आली, तीही निम्म्या रस्त्यातच रुतली. पाहुणे चिखल तुडवत आले, पुढं कोमांग. व्हिला माझ्यापासून हाकेवर, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. दिवाणखान्यात गुडघाभर पाणी होतं. सोफ्यावर सात बदकं बसली होती. एक उशीवर.

मोठी टोपी घातलेली एक बाई म्हणाली, "हे तळं घराच्या आतच ठेवलंय का?"

"ते... निसर्गाच्या जवळ..." म्हणत कोमांग उशीवरच्या बदकाला हाकलायला लागला.

एक म्हातारा पाहुणा बूट हातात धरून मेन रिन्तीकडे आला. "बदकं तुमची? विकणार का?"

"बदकं विकते," ती म्हणाली. "जमीन नाही."

कोमांग फावडं घेऊन माझ्याकडे पळत सुटला. पण माझ्यापाशी पाटकरी पान तिलेम बसला होता, आणि त्याच्या मागं खालच्या शेतांचे वीस-बावीस जण.

"काका, खाच बुजवा! लवकर!"

"काय म्हणतोस? माफी मागायला आलास? ये ये, बस."

"खाच! पहिली खाच!"

"पान सेन्तीरची? ती तर बुजवलेलीच आहे." पान तिलेमनं देवळातून बांबूची काडी आणवली आणि खाचेत उभी केली. काडी अख्खी बुडाली. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही ते पाणी मीच प्यायलोय. "अरे, ही तर दुप्पट खोल झाली. कशानं रे?"

"उंदरानं कुरतडली असेल," कोमांग म्हणाला.

"हुशार उंदीर," मेन रिन्ती मागून म्हणाली. "करवत घेऊन आला होता. एकशे ब्याण्णव वेळा ओढली त्यानं."

"एकशे नव्वद," खालच्या शेताचा एक जण म्हणाला.

"तू मध्ये शिंकलास, तेव्हा दोन चुकल्या तुझ्या."

"शिंकलो नाही! न्येपीला शिंकतात का?"

"माझ्या बायकोनं एकशे पंच्याण्णव मोजली," तिसरा म्हणाला. "पण ती सगळंच वाढवून सांगते."

ही ती दुसरी गोष्ट, मित्रांनो. न्येपीला कोणी बघायला नसतं, हे त्याला पाठ होतं. पण त्या दिवशी गावात कुत्रंही भुंकत नाही. अख्खं गाव अंधाऱ्या घरात गप्प बसलेलं, करायला काही नाही, आणि दूर शेतातून एकच आवाज. बाहेर पडायची बंदी, तोंड उघडायची बंदी. मोजायची बंदी कोणी केली होती? शहरात राहून त्याला शांतता म्हणजे काय तेच कळेनासं झालं होतं.

कोमांगनं चष्मा काढला. मग एकदम उजळला. "काका, मी नवंकोरं दार बसवून देतो. सिमेंट, लोखंड. फुकट! नुसतं चाक फिरवायचं, झालं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी घाबरलो. फुकट हा शब्द फार मोठ्या माणसांनाही वाकवतो.

पान तिलेमनं कानामागं हात धरला. "चाक कोणाच्या हातात?"

कोमांगनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मग राहू दे," पान तिलेम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "याला हात नाहीत, तेच बरंय."

त्याच दुपारी निकाल लागला. कोमांगनं स्वतःच्या हातानं गाडीरस्ता फोडून जुना चर मोकळा करायचा, न्येपी मोडल्याची आणि मला कापल्याची शुद्धी करायची, आणि सगळ्या गावाला जेवण. मेन रिन्तीनं आपल्या अंगणातल्या फणसाची पाचर दिली. फुलं ठेवून, काडीनं मोजून, ती माझ्या जखमेत ठोकली. माझ्याच बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्याचं लाकूड ते. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या खाचेतून पाणी उतरलं. दोन वाफे गेलेच, बाकीच्या रोपांनी मात्र माना वर केल्या. काठी उपटून मेन रिन्ती निघाली तेव्हा कोमांगनं हळूच विचारलं, "मेमे, माफ केलंस ना?"

"केलं की. आजचा दिवसच माफीचा आहे," ती म्हणाली. "उद्या येऊ नकोस."

तर मित्रांनो, या ठिकाणी जुन्या वस्तू हात जोडतात आणि म्हणतात, आमची काळजी घ्या. मी हात जोडत नाही, मला हातच नाहीत, आत्ताच ऐकलंत. मी हुकूम सोडतो. तुमच्या गावात सगळ्यांचं मिळून असं काही असेल, पाट, विहीर, पार, रस्ता, तर त्याच्यावर पाय ठेवणाऱ्याची टाच लक्षात ठेवा. आणि करवतीचा आवाज आला तर गप्प बसूनही आकडा चुकू देऊ नका.

पान सेन्तीर रोज संध्याकाळी व्हिला झाडून घरी जाताना माझ्यापाशी थांबतो. आपल्या बुजवलेल्या खाचेवरचं गवत उपटतो, चिखल थापटून नीट करतो. पाचर घट्ट आहे का ते बघतो. भाडेपट्ट्याची अजून सत्तावीस वर्षं आहेत.

असू देत. मी फणसाचा आहे, तेवढं टिकतो. त्याची खाच मी धरून ठेवलीय.