रायमर्स गुरुजींचा गुडघा

विधानसभेचे सारे अधिकार सरकारच्या हवाली करणारे विधेयक ज्या दिवशी मताला आले, त्या दिवशी गोटलीब रायमर्स यांनी आपल्या दुखऱ्या गुडघ्याचे मनोमन आभार मानले. १९३३ चा वसंत होता. सभागृहातील रीत जुनी होती: विधेयक मान्य असेल त्याने उभे राहावे, नसेल त्याने बसून राहावे. त्यांच्या पक्षाने उभे राहण्याचे ठरवले होते. रायमर्स यांना ते पटले नव्हते. मात्र संधिवाताचा माणूस बसून राहिला, तर त्याला बंडखोर कोण म्हणणार? राजकारणात येण्यापूर्वी अर्धे आयुष्य मुलांना सरळ बोलायला शिकवण्यात घालवलेल्या शिक्षकाला ही पळवाट शोभणारी नव्हती. पण वाट होती.

“काय ठरवलंत, गुरुजी?” शेजारच्या लोरेन्झेनबाईंनी विचारले. त्या त्यांच्याच पक्षाच्या.

“गुडघ्यानं फार छळलंय, बाई.”

“मी गुडघ्याला नाही विचारलं.”

घंटा झाली. बाके खडखडली, माणसे उभी राहू लागली. बाकांमधल्या वाटेवर सत्ताधारी पक्षाचे तपकिरी गणवेशातले तरुण पहाऱ्याला होते. त्यांतला एक रायमर्स यांच्यापाशी येऊन अदबीने वाकला.

“ओळखलंत का, गुरुजी? मी देतलेफ हार्म्स.”

“पाढे चुकवणारा.”

“अजून चुकतात.” तो हसला. “पाय दुखतोय ना? द्या हात. म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा, हे तुम्हीच शिकवलंत.”

त्याच्या स्वरात धमकी नव्हती. असती, तर कदाचित रायमर्स यांचा स्वाभिमान जागा झाला असता. ‘राहू दे, मला बसायचंय,’ एवढेच म्हणायचे होते. पण त्यांनी हात पुढे केला.

ते उभे राहिले. गुडघा मुळीच दुखला नाही.

अध्यक्षांनी सभागृहावरून नजर फिरवून विधेयक संमत झाल्याचे सांगितले. देतलेफने पूर्वी वर्गात करी तसाच नमस्कार केला आणि तो आपल्या जागी गेला. रायमर्स उभेच होते. उठताना त्यांची काठी बाकाखाली पडली होती. लोरेन्झेनबाई बसल्या होत्या. मतदानभर त्या बसूनच होत्या. त्यांनी वाकून काठी उचलली आणि पुढे केली.

“बसा आता, गुरुजी. झालं मतदान.”

रायमर्स यांनी काठी घेतली. तिची गरज नव्हती, हे बाईंनी पाहिले होते.