दोन कुंड्यांचं पाणी

"अहो काका, थांबा थांबा! त्या गवताला काय बुडवून मारायचा विचार आहे?"

शेजारणीने तिच्या गॅलरीच्या कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. एका हातात पिळलेला टॉवेल, दुसऱ्या हाताचं बोट कुंडीकडे. म्हातारा हातात मग घेऊन तसाच थांबला.

"रोजचंच पाणी आहे," तो म्हणाला. "दोघांना एकेक मग. सकाळी. एक दिवस खाडा नाही."

"तेच म्हणतेय मी. बुडाशी बघा की, काळं पडलंय."

तो वाकला. शोभेच्या गवताची पाती मध्यापासून फाकून जमिनीला टेकली होती. आल्या दिवशी त्याचे मऊ तुरे कठड्याच्या वर डुलत होते, हे त्याला आत्ता आठवलं.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याची उभी हयात वाढपी म्हणून गेली. तिथे त्याचं नाव पडलं होतं तराजू. डाव भरायचा, पातेल्याच्या काठावर टेकवून सपाट करायचा आणि ताटात रिकामा करायचा. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांचा मेहुणा असो की रस्त्यावरून उचलून आणलेला बेवारशी पेशंट, डाव तोच. याने आपल्या माणसाला जास्त वाढलं, असं त्याच्याबद्दल कुणी म्हटलं नाही. घरीही वाढायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं. बायको, थोरला, धाकटी आणि तो, चौघांना सारखं. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने लपवलाही नव्हता.

थोरल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो त्याच्याकडे महिनाभर राहिला होता. धाकटी जिन्यावरून घसरली, उजवा पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तसा तो तिच्याकडे आला. तोही महिन्यासाठी. तो महिना आज संपत होता. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं आणि बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"खतही घातलंत की काय?" शेजारणीने विचारलं.

"मूठभर. दोघांना."

"अगंबाई! म्हणून लोळतंय ते. खाऊन खाऊन सुस्तावलंय. काका, त्या गवताला हलकी माती लागते, ऊन लागतं आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही तरी चालतं. वर्षातनं एकदा बुडापासून कापलं की आपलं आपण वाढतं. आणि हा वेल बघा बिचारा."

वेल दुधीचा होता. कुणीतरी टाकलेल्या बीतून आपोआप उगवलेला. धाकटीने त्याला मोठ्या कुंडीत हलवून वरपर्यंत दोऱ्या बांधून दिल्या होत्या.

"दुपारी याची पानं कशी पडतात ते बघितलंत ना? याला दोन वेळा पोटभर पाणी हवं. खत हवं. चढायला आधार हवा. आणि फूल आलं की माणूस हवं."

"माणूस कशाला?"

"इतक्या वरच्या मजल्यावर पाखरू कुठलं यायला! नराचं फूल तोडून मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं, आपल्या हाताने. नाहीतर मागची फळाची गाठ पिवळी पडून गळते. ती बघा, वरच्या दोरीला. कळीच्या मागे बोटाएवढा दुधी दिसतोय? उद्या संध्याकाळी उमलेल ती. तुमची लेक चढणार आहे का प्लॅस्टर घेऊन स्टुलावर?"

"मी उद्या सकाळी निघतोय," तराजू म्हणाला.

"हो का?" शेजारणीने टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "मग गळेल. गळतातच तशी."

आत शिलाई मशीन थांबत थांबत चाललं होतं. धाकटी घरीच कपडे लहानमोठे करून द्यायची. उजव्या पायाने मशीनचं पायडल दाबायची सवय, आणि तोच पाय खुर्चीवर आडवा ठेवलेला. डाव्या पायाने ती मशीन चालवायला बघत होती. तिच्या मागे पिशव्यांचा ढीग लागला होता. तो येऊन उभा राहिला तेव्हा ती एका पँटची शिवण उसवत होती. शिवण वाकडी गेली होती.

"डावा पाय नवशिका आहे अजून," ती हसून म्हणाली. "बाबा, उद्या गाडीत खायला काही करून देऊ का?"

"तू कुठे उठतेस. मी बघतो माझं." त्याने खुर्चीवरच्या पायाकडे पाहिलं. "प्लॅस्टर कधी निघणार म्हणाले?"

"आणखी तीन आठवडे तरी. मग व्यायाम वगैरे."

"आणि वरचं ते फूल?"

"कोणतं?"

"वेलाचं. शेजारीणबाई म्हणत होत्या."

"ते होय. मागची दोन गळाली तशी हेही गळेल. त्यात काय एवढं."

"मग सांगायचं नाही का मला? मी काय तिथे नुसता मग घेऊन उभा होतो?"

"तुमचं एकेक मगाचं ठरलेलं होतं ना, बाबा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला आणि सुई ओवायला घेतली.

रात्रीचं जेवण त्यानेच वाढलं. डाव भरला, पातेल्याच्या काठावर टेकवला, सपाट केला. तिच्या ताटात एक, त्याच्या ताटात एक. तिचं ताट आधी रिकामं झालं. ताटाच्या कडेला राहिलेलं तिने बोटाने निपटून घेतलं. असं ती लहानपणीही करायची. तो ते पाहत आला होता आणि पोरगी अन्न वाया घालवत नाही, असं चारचौघांत कौतुकाने सांगत आला होता.

"वाढू?" त्याने विचारलं.

तिने मान वर केली. हा प्रश्न या घरात नवा होता.

"नको. पुरे."

"तुला पुरायचं का गं? लहानपणी?"

ती हसली. "तेव्हा आई होती की. तुम्ही पातेलं ठेवायला पाठ वळवली की ती तिच्यातलं माझ्या ताटात सरकवायची. दादाला नुसतं हसू फुटायचं. पण कधी चुगली केली नाही हं त्याने."

"रोज?"

"रोज कुठे..." ती थांबली. "हो. तसं रोजच."

त्याने ताटं उचलली. बायकोच्या घड्याळाच्या पट्ट्याला त्याने एकदा खिळा तापवून एक जास्तीचं भोक पाडून दिलं होतं. पट्टा सैल झालाय, असं ती म्हणाली होती. पुढे आणखी एक पाडून दिलं. चामडं वापरून सैल पडतं, असं तेव्हा त्यानेच तिला समजावून सांगितलं होतं. त्याच्या हातून कुणी उपाशी उठलं नाही, असं तो तिच्यादेखत लोकांना सांगायचा. ती मान डोलवायची.

हात धुऊन त्याने थोरल्याला फोन लावला.

"उद्या मी निघत नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," थोरला म्हणाला. "मी तेच सुचवणार होतो, पण तुम्हाला कोण सांगणार? बाबा, रागावू नका, माझ्याकडे होतात तेव्हा आठवड्याभरात मी ऑफिसला जायला लागलो होतो. तुम्ही दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचात. महिना भरायचा म्हणून."

"तू बोलला नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आता किती दिवस राहताय?"

तराजूने बंद दाराआडच्या मशीनचा आवाज ऐकला. दोन टाके पडले आणि ते थांबलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर कळी उमलली. पांढरी, जरा चुरगळलेली. तो स्टुलावर चढला. धाकटी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी स्टूल धरून होती. शेजारीण तिच्या कठड्यावरून हुकूम सोडत होती.

"तसं नाही हो! काका, डाव नाहीये तो हातात. हलक्या हाताने."

"कळतंय मला."

"कळतंय तर दाबताय कशाला?"

"मावशी, पाडाल हं त्यांना," धाकटी हसू आवरत म्हणाली.

नराच्या फुलातली पिवळी भुकटी त्याच्या बोटांना लागली. फळ धरलं की नाही ते दोन-तीन दिवसांनी कळेल, गाठ हिरवी राहिली तर समजायचं, असं शेजारणीने सांगितलं. खाली उतरून त्याने वेलाला पाणी घातलं. मग आणखी घातलं, पाणी कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत. पुढचा भरलेला मग घेऊन तो सवयीने गवताकडे वळला. क्षणभर थांबला आणि मग बादलीत रिकामा केला.

रात्री जेवायला बसल्यावर त्याने नेहमीसारखं वाढलं. सपाट डाव, दोघांना एकेक. धाकटीला पाण्याचा तांब्या हवा होता, म्हणून ती बसल्या जागी मागे वळली. तेवढ्यात त्याने आपल्या ताटातलं अर्धं तिच्या ताटात सरकवलं. त्याच्या हाताला त्याची सवय नव्हती. थोडं टेबलावर सांडलं.

तिने पाहिलं.

"बाबा, पातेल्यात आहे की अजून."

"असू दे," तो म्हणाला.

तिने टेबलावर सांडलेलं बोटाने पुसून घेतलं आणि ताट जवळ ओढलं.