तिघांचं आरक्षण

लिस्बनच्या विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून आधी वृंदाच्या दोन बॅगा आल्या, मग लेकीची, सानिकाची, जांभळी बॅग आली आणि तिच्या मागून नाना आले. नाना म्हणजे वृंदाचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते पट्ट्यावर मांडी घालून बसले होते. अंगात राखाडी स्वेटर, पायांत मोजे, मोज्यांवर चपला आणि मनगटाला विमानकंपनीची कागदी पट्टी. ते समोर आले तसा वृंदाने हात पुढे केला, तिच्या नवऱ्याने, मकरंदने, दुसऱ्या बाजूने काखेत धरलं आणि दोघांनी मिळून त्यांना खाली उतरवलं. बॅगांपेक्षा ते हलके होते.

"उशीर झाला का गं?" नानांनी विचारलं.

"नाही," वृंदा म्हणाली. "आमच्याच बॅगा आत्ता आल्या."

नाना वसईच्या एका शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवत होते. दरवर्षी ते नववीच्या वर्गाला किल्ल्यात घेऊन जात आणि समुद्राकडच्या दरवाजात उभे राहून, हात लांब करून सांगत, "ही सगळी मंडळी जिथून आली ते लिस्बन तिकडे." एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी कोणाला न सांगता स्वतःचा पासपोर्ट काढून आणला. वृंदा म्हणाली, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. पुढच्या वर्षी सानिकाची बारावी आली. मग ठाण्याचं घर, मग मकरंदची बदली. नाना गेल्यावर कपाटात तो पासपोर्ट सापडला. प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट. वृंदाने त्याचं एकेक कोरं पान उलटून पाहिलं होतं आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यामुळे नानांना पाहून ती घाबरली नाही. अंथरुणं काढायच्या आत पाहुणे दारात यावेत तशी ओशाळली फक्त.

अडचण एकच होती. सगळं आरक्षण तिघांचं होतं. सानिकाने तीन महिने आधी बसून ट्राम, मठ आणि एका जुन्या राजवाड्यातलं सात पदार्थांचं जेवण असं सगळं ठरवलं होतं, आणि प्रत्येक कागदावर तीनच नावं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिवळ्या ट्राममध्ये चढले. वाहकाने कागद पाहिला, चौघांकडे पाहिलं आणि तीन बोटं वर केली. ट्राममध्ये दहा जागा रिकाम्या होत्या, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"आजोबा, तुम्ही बसा," सानिका म्हणाली. "मी उभी राहते."

वाहकाने मान हलवली. उभं राहता येत नव्हतं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून सानिकाच्या हातात दिली. सानिकाने ती घातली. टोपी तिला बरोबर बसली. वाहक पुढच्या थांब्यावर उतरला आणि खिशात हात घालून शीळ घालत निघून गेला. सानिकाने घंटा वाजवली आणि ट्राम चढणीला लागली. रस्ता इतका अरुंद होता की दोन्ही बाजूंच्या घरांतले वाळत घातलेले कपडे ट्रामच्या खिडक्यांना घासून जात होते. नाना प्रत्येक वळणावर "वा" म्हणत होते.

टेकडीवर सगळे उतरले.

"सानू, चल," वृंदा म्हणाली.

"मला अजून चार फेऱ्या आहेत, आई." फेऱ्या हा शब्द आठवायला तिला जरा वेळ लागला.

तिघं तिथेच थांबली. अर्ध्या तासाने तीच ट्राम पुन्हा वर आली. सानिकाने दारातून वृंदाकडे पाहिलं. चढायचं की नाही हे न ठरलेल्या प्रवाशांकडे पाहतात, तसं. तिने पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. सानिकाने मिनिटभर वाट पाहिली आणि घंटा वाजवली.

मकरंदने खिशातून मठाचं तिकीट काढून पाहिलं. त्यावर आता दोन नावं होती.

"नानांना हॉटेलवर सोडू या," तो हळूच म्हणाला. "खोलीत टीव्ही आहे. खिडकीतून नदी दिसते."

नाना थोड्या अंतरावर उभे राहून एका भिंतीवरच्या निळ्या फरशांवरून बोट फिरवत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ऐकू गेलेलं दाखवायचं नसलं की ते जिवंतपणीही असंच काहीतरी वाचत उभे राहायचे.

"नऊ वर्षं ते एका जागीच होते ना," वृंदा म्हणाली.

नदीकाठचा मठ पांढऱ्या दगडाचा होता आणि कितीही चालत गेलं तरी संपत नव्हता. वास्को द गामाची कबर तिथेच होती. नानांना बाकी काही पाहायला मिळालं नाही तरी चाललं असतं, पण ती पाहायची होती. फाटकाशी पहारेकऱ्याने तिकीट पाहून दोन बोटं वर केली.

"तुला कळतंय ना काय होणार ते?" मकरंदने विचारलं.

"कळतंय."

"मी बाहेर थांबतो," नाना घाईने म्हणाले. "बाहेरूनही छानच दिसतंय. तुम्ही दोघं जाऊन या. काही घाई नाही."

काही घाई नाही. पासपोर्टच्या वर्षीही ते हेच म्हणाले होते, याच आवाजात. वृंदाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना फाटकाच्या आत नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा पहारेकरी आपला किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या पट्ट्यातून सोडवत होता आणि मकरंद हात पुढे करून उभा होता. एकतीस वर्षांत त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. रागाने नाही. दूर चाललेल्या माणसाकडे पाहावं तसं. दोघांपैकी कोण दूर चाललं होतं ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

"पायऱ्यांवर सांभाळ त्यांना," तो म्हणाला. मग पुढच्या जोडप्याचं तिकीट घेऊन त्याने ते एका रेषेत फाडलं.

कबरीपाशी नाना दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे. त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मसाल्याचे भाव, वारे, कालिकत, मग उत्तरेकडे वसई. मराठीतच. हळूहळू पंधरा-वीस प्रवासी भोवती जमले. कोणी खोकलंसुद्धा नाही. सतराशे एकोणचाळीसात किल्ला पडला तिथे त्यांनी थांबून घसा साफ केला.

"ते आमच्याकडे आले, आता मी त्यांच्याकडे आलो," ते म्हणाले. "फिट्टंफाट. वृंदे, भूक लागली."

राजवाड्यातल्या उपाहारगृहात खिडकीशी एक टेबल मांडलेलं होतं. एक टेबल, एक खुर्ची, एकाचे काटे-चमचे. टेबलावरच्या कार्डावर फक्त वृंदाचं नाव होतं. तिने खुर्ची मागे ओढली आणि नानांना बसवलं. हातरुमाल उलगडून त्यांच्या मांडीवर पसरला. वाढपी, पिकल्या मिशांचा एक म्हातारा, तोवर तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने आपला पांढरा एप्रन तिच्या कमरेला बांधला. गाठ नीट बसली ना ते एकदा ओढून पाहिलं आणि कोट घेऊन तो घरी गेला.

वृंदाने पहिला पदार्थ आणला. मग दुसरा. स्वयंपाकघर कुठे आहे हे तिला कोणी दाखवावं लागलं नाही. खाऱ्या माशाची चकती चाखून नाना म्हणाले, "आपल्या सुक्या बोंबलासारखं नाही, पण वाईट नाही." ती हसली. चौथ्या पदार्थाच्या वेळी ठाण्याच्या घराचा मजला तिला आठवेना. पाचव्याला ट्राममधल्या त्या मुलीचं नाव. नाव छान होतं एवढं लक्षात होतं. सहावी ताटली ठेवताना नाना काहीतरी बोलले. त्यातले शब्द तिला कळले नाहीत, पण चव आवडली असावी असं आवाजावरून वाटलं.

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. बाकीची टेबलं एकेक करून रिकामी झाली. सातवा पदार्थ टेबलावर तसाच होता. म्हाताऱ्या पाहुण्याने चमचा उचलला नव्हता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहरा तोंडओळखीचा असला तर आठवेल, अशा बेताने त्याने क्षणभर वाट पाहिली. मग शाळेतल्या जुन्या, सावकाश इंग्रजीत तो म्हणाला, "बाई, आणखी एक पान मांडाल का? माझी मुलगी येणार आहे. मला इथे आणायचं तिने कबूल केलं होतं."

"हो, मांडते," ती म्हणाली.

तिने कोपऱ्यातली खुर्ची आणली. ताटली ठेवली, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, पाण्याचा पेला. हातरुमालाची घडी करून ती ताटलीवर उभी केली. मग ती त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि दोघंही दाराकडे पाहत राहिली.